गोल्फमधील ध्वजदंड : काढावा की ठेवावा?

प्रस्तावना

गोल्फच्या मैदानावर प्रत्येक होलमध्ये एक ध्वजदंड उभा असतो. खेळाडू त्यास सामान्यतः 'पिन' अथवा 'फ्लॅगस्टिक' म्हणतात. दुरून चेंडू मारणाऱ्यास होलचे स्थान कळावे हा त्याचा मूळ हेतू होय. मात्र चेंडू ग्रीनच्या जवळ आला की याच दांड्याविषयी एक जुना प्रश्न उभा राहतो : तो होलमध्ये तसाच ठेवावा, की काढून घ्यावा? प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. तथापि व्यावसायिक स्पर्धांचा निकाल अनेकदा एका फटक्याने लागतो, हे ध्यानात घेतल्यास त्याचे महत्त्व कळून येते. शिवाय अनुभवातून आलेली समजूत व मोजमापातून आलेले ज्ञान यांचा मेळ कसा घालावा, याचेही हे एक बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा नियम व भौतिकशास्त्र या दोन अंगांनी विचार केला आहे.

नियमांची बाजू

31 डिसेंबर 2018 पर्यंतच्या नियमानुसार, ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधील मोकळ्या दांड्यास लागल्यास स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होत असे. मॅच प्लेमध्ये तर तो होलच गमवावा लागे. ग्रीनच्या बाहेरून मारलेल्या चेंडूस मात्र हा दंड लागू नव्हता. म्हणजे चिप फटका मारणाऱ्या खेळाडूस दांडा ठेवण्याची वा काढण्याची मुभा त्या काळीही होती. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी सुधारलेले नियम 1 जानेवारी 2019 पासून अमलात आले आणि ग्रीनवरील दंडही रद्द झाला. खेळ वेगाने व्हावा, विशेषतः कॅडीविना खेळणाऱ्यांची ये-जा वाचावी, हा त्यामागील मुख्य विचार होता. 2020 मध्ये कोविडच्या साथीत अनेक मैदानांवर दांड्यास हात लावण्यासच मनाई झाली. त्यामुळे ज्यांना हा बदल रुचला नव्हता त्यांनाही दांडा ठेवून खेळण्याची सवय करावी लागली.

मापांचा हिशोब

होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, तर चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असावा लागतो. दांडा साधारण 13 मिलिमीटर जाडीचा व बरोबर मध्यभागी आहे असे मानल्यास त्याच्या व होलच्या कडेच्या दरम्यान 47.5 मिलिमीटर जागा उरते. चेंडू तीत मावतो, परंतु जेमतेम 5 मिलिमीटरची सैल जागा राहते. दांडा खेळाडूच्या दिशेने किंचित जरी कलला तरी ही सैल जागा नाहीशी होऊ शकते.

आता वेगाचा विचार करू. रिकाम्या होलवरून जाणारा चेंडू पलीकडच्या कडेस पोहोचेपर्यंत स्वतःच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे 21 मिलिमीटर, खाली आला पाहिजे. एवढे खाली येण्यास सुमारे 0.066 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्याला पुढे जाण्यास सुमारे 87 मिलिमीटर अंतर मिळते. यावरून वेगाची मर्यादा सेकंदास सुमारे 1.3 मीटर येते. वेग याहून थोडा अधिक असल्यास चेंडू पलीकडच्या कडेवर आपटून उसळतो व पुन्हा होलमध्ये पडू शकतो. ही शक्यता धरून ब्रायन होम्स यांनी 1991 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात सेकंदास 1.63 मीटर ही कमाल मर्यादा मांडली. ती बरोबर मध्यातून जाणाऱ्या चेंडूसाठी आहे. चेंडू जितका कडेकडे सरकेल तितकी ही मर्यादा झपाट्याने खाली येते.

यातून प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती लागते. मध्यरेषेवरून सेकंदास 1.3 मीटरहून कमी वेगाने येणारा चेंडू दांड्याविनाही आत जाणारच असतो. तेथे दांडा मदत करू शकत नाही, झाला तर अपायच करील. याउलट 1.63 मीटरहून अधिक वेगाचा चेंडू रिकाम्या होलवरून निश्चितपणे निसटतो. तेथे दांड्यामुळे तो आत जाण्याची काही तरी शक्यता निर्माण होते. आत गेला नाही तरी बहुधा तो फार पुढे धावत नाही.

धडक मात्र साधी नसते. सेकंदास 1.3 मीटर वेगाचा चेंडू दांड्यास लागेपर्यंत केवळ 2 मिलिमीटरच्या आसपास खाली आलेला असतो. पुढे काय घडेल हे धडकेत त्याचा वेग किती शोषला जातो यावर ठरते. पुढे घरंगळणाऱ्या चेंडूचा दर्शनी भाग खालच्या दिशेने फिरत असतो. त्यामुळे दांड्याशी होणारे घर्षण चेंडूस वर ढकलते, हेही विसरता येत नाही. धातूचा दांडा व फायबरग्लासचा लवचीक दांडा सारखे वागत नाहीत ते याचमुळे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेल्या ब्रायसन डीशँबो या खेळाडूने 2018 मध्ये दांड्याच्या याच गुणधर्मावर बोट ठेवून, फायबरग्लासचा असल्यास दांडा ठेवण्याचा व यूएस ओपनमध्ये तो काढण्याचा मानस जाहीर केला होता.

प्रयोग आणि आठवणी

नासामध्ये काम केलेले डेव्ह पेल्झ यांनी 1990 मध्ये यंत्राच्या साहाय्याने वेगवेगळ्या वेगांनी चेंडू सोडून चाचण्या घेतल्या. नियम परवानगी देत असेल तेथे दांडा ठेवावा, मात्र तो चेंडू मावणार नाही इतका खेळाडूकडे कललेला असल्यास काढावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. नियमबदलाच्या सुमारास कॅलिफोर्नियातील यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक टॉम मेस यांनी पटिंगच्या चाचण्या केल्या. त्यांना दांड्यावर मध्यापासून दूर आदळणारे चेंडू बाहेर फेकले जाताना अधिक आढळले. त्यांचा कल दांडा काढण्याकडे होता. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी भासतात खरे, पण वेग व दिशा वेगळ्या काढून पाहिल्यास विरोध बराच मावळतो. चिप फटक्याचा चेंडू होलजवळ अनेकदा वेगात असतो, उताराच्या ग्रीनवर तर विशेषच. बेताने मारलेला छोटा पट तसा नसतो.

खेळाडूंच्या मनावर मात्र चाचण्यांपेक्षा प्रसंगांचा पगडा असतो. 1982 च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचच्या 17 व्या होलवर टॉम वॉटसनने ग्रीनबाहेरच्या दाट गवतातून मारलेला चिप दांड्यास लागून आत पडला. त्या फटक्याने तो जॅक निक्लॉसच्या पुढे गेला आणि स्पर्धाही जिंकला. 2013 च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या 15 व्या होलवर टायगर वुड्सचा अचूक फटका दांड्यावर आदळून थेट तळ्यात गेला, आणि त्यानंतर चेंडू चुकीच्या जागी टाकल्याबद्दल दोन फटक्यांचा दंडही बसला. अशा लांबच्या फटक्यात दांडा काढण्याचा विचार कोणी सहसा करीत नाही, कारण तोच तर लक्ष्य दाखवितो. पण चेंडू परत फेकला गेल्याची आठवण मनात घर करते. दांड्याने अडविल्यामुळे होलजवळ थांबलेले असंख्य चेंडू मात्र कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत, आणि मैदानावरील मत बहुधा अशा निवडक स्मरणावरच बनते.

चिप मारण्यापूर्वी दांड्याचा कल पाहणे एवढे मात्र प्रत्येकास शक्य आहे. कललेला दांडा मध्यभागी सरळ करण्यास नियम परवानगी देतो, स्वतःच्या सोयीने मुद्दाम कलविण्यास देत नाही. आणि चेंडू दांडा व कड यांच्यामध्ये अडकून राहिलाच, तर 2019 पासून त्याचा कोणताही भाग ग्रीनच्या पातळीखाली असणे पुरेसे आहे. तो होलमध्ये गेला असेच मानले जाते.