विनामूल्य कारभाऱ्याची निवड

डोंबिवलीतील एखाद्या लहान संस्थेने भाड्याच्या सर्व्हरवर आपले संकेतस्थळ थाटले, की ईमेल, डेटाबेस आणि सुरक्षा-प्रमाणपत्रे यांचे दप्तर सांभाळणारा कारभारी, म्हणजेच कंट्रोल पॅनेल, तिला लागतो; आणि २०१९ साली सीपॅनेल या सशुल्क पॅनेलने खात्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केल्यापासून विनामूल्य पर्यायांकडे अनेकांची दृष्टी वळली. १९९७ पासूनचे वेबमिन व त्यावर उभारलेले व्हर्च्युअलमिन सर्वसमर्थ खरे, परंतु त्यांचा पसारा पाहून ठाण्याच्या मामलेदार कचेरीची आठवण होते. दोन गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर मला तरी याच पर्यायांतली आटोपशीर हेस्टियाच मानवते. तिचे ८०८३ क्रमांकाचे द्वार (पोर्ट) मात्र केवळ आपल्याच आयपी पत्त्यापुरते खुले ठेवावे; ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या दुसऱ्या पॅनेलच्या हजारो सर्व्हरांत खंडणीखोर शिरले, ते जगाला उघड्या असलेल्या अशाच दारातून.