गिअरबॉक्सला जादा ऑइल कूलर: काम घेण्याआधी नळीचं गणित करा

व्हिडिओत हा विषय मी घाईत उरकला, म्हणून इथे जरा निवांत सांगतो. या एका कामात मला मजुरी मिळाली 3,500 रुपये आणि खिशातून गेले 21,000.

माझं दुकान साताऱ्यात. पसरणी घाट चढून पाचगणीला जाणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या रोजच्या. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. गाडी माणसांनी भरलेली, चढ, पुढे एसटी, वेग पंधरा-वीसचा. अशा वेळी कन्व्हर्टर आतल्या आत घसरतो आणि ती सगळी उष्णता तेलात उतरते. 80 ते 95 अंशांपर्यंत काळजी नाही. 120 च्या वर तेल वारंवार जायला लागलं की ते लवकर काळं पडतं, जळका वास येतो, गिअर धक्के देत पडतात. कंपनीचा कूलर असतोच, बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच. पण रेडिएटरचं पाणीच तापलेलं, तर तो तेल थंड करणार किती? म्हणून परतीच्या लाइनवर, कंपनीच्या कूलरनंतर, एसी कंडेन्सरच्या पुढे दुसरा कूलर बसवायचा.

मी चुकलो नळीत. कूलर चांगला आणला आणि दोनशे रुपये वाचवायला पेट्रोलची साधी नळी लावली. दोन महिन्यांनी भर घाटात ती क्लिपपाशी सुटली, तेल सगळं रस्त्यावर. टोइंग, नवीन तेल, खोलून तपासणी, सगळं माझ्याकडून. गाडीवाल्या काकांनी लगेच इंजिन बंद केलं म्हणून गिअरबॉक्स तरी वाचला, नाहीतर मी आज हे लिहायला दुकानात नसतो. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो बरं का, पण हा रकाना त्यात नव्हता.

आता कोटेशनमध्ये ट्रान्समिशन ऑइलचीच नळी, नव्या क्लिपा, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल आणि 500 किलोमीटरनंतरची फेरतपासणी धरलेली असते. गिऱ्हाईक घासाघीस करतं, मी नळीवर कमी करत नाही. तेलाची पातळी बघणं हेही कामच आहे. अनेक गाड्यांना आता डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर प्लगमधून बघावं लागतं. तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर हे काम घेऊच नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी मालकाला स्पष्ट सांगा, की पुढे क्लेम अडू शकतो.

गेल्या महिन्यात एक दादा एजीएसवाली स्विफ्ट घेऊन आले. "घाटात जळका वास येतो, कूलर टाकून द्या." पैसे द्यायला तयार होते. पण एजीएस म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच. वास क्लचचा, आणि कूलर जोडायला तेलाची लाइनच नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा, एवढं सांगितलं. चहा पाजला, बिल केलं नाही.