उकळी कुठे संपली हे ओळखणारा व्हॉल्व्ह

वाकडच्या शाळेत पाणी किती अंशांना उकळते, असे विचारले तर बहुतेक मुले ‘१००’ असे उत्तर देतील. प्रत्यक्षात तापमापी लावून पाहिली तर ती ९८ च्या आसपास थांबते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून उकळण्याचे तापमानही थोडे कमी. दाब आणखी कमी केला तर काय होते, हे वर्गात दाखवता येते. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये साधारण ६० अंशांचे थोडे पाणी ओढा, हवा बाहेर घालवा, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या मागे खेचा. पाणी बुडबुडे सोडत उकळू लागेल. (हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, पाणी हात पोळण्याइतके गरम असते.)

दुकानामागच्या भाजीच्या किंवा दुधाच्या शीतखोलीत हेच चालते, फक्त द्रव वेगळा असतो. उदाहरणार्थ आर-१३४ए. कारागीर त्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतात, तो द्रवरूपात असला तरीही! नेहमीच्या वातावरणीय दाबाला हा द्रव उणे २६ अंशांनाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, बाहेरच्या जाळीत ती थंड होऊन द्रव बनते, हा द्रव एका बारीक छिद्रातून आतल्या कॉइलमध्ये सोडला की दाब एकदम उतरतो आणि तो उकळू लागतो. उकळताना दर किलोला सुमारे २०० किलोज्यूल उष्णता तो खोलीतून ओढून घेतो. या बारीक छिद्रावरचा पहारेकरी म्हणजे थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह.

घरच्या फ्रिजमध्ये असा व्हॉल्व्ह नसतो. तेथे एक लांब केशनलिका पुरते, कारण काम रोज जवळपास सारखेच असते. पण गावच्या दूध संकलन केंद्रावर धारोष्ण दूध टाकीत ओतले की काम एकदम वाढते, आणि दूध ४ अंशांवर आले की घटते. मोटारीचेही तसेच. भूमकर चौकातल्या कोंडीत इंजिन मंद फिरते आणि पुढे द्रुतगती मार्गावर वेगाने. अशा ठिकाणी छिद्र लहानमोठे व्हावे लागते.

किती मोठे? येथे खरी अडचण आहे. द्रव कमी सोडला तर तो कॉइलच्या अर्ध्या वाटेतच उकळून संपतो. पुढच्या भागात नुसती वाफ तापत राहते, आणि वाफ एक अंशाने तापताना किलोमागे जेमतेम १ किलोज्यूल उष्णता घेते. म्हणजे उरलेली कॉइल जवळजवळ फुकट. द्रव जास्त सोडला तर न उकळलेले थेंब कॉम्प्रेसरपर्यंत जातात. द्रव दाबला जात नाही, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. कॉम्प्रेसरला तो धडा आपल्या झडपा मोडून घ्यावा लागतो. शिवाय द्रव तेलात मिसळला की वंगण पातळ होते. म्हणून कॉइल जवळपास पूर्ण ओली राहावी, पण बाहेर पडणारी वाफ मात्र कोरडी असावी. ती कोरडी आहे याची खूण म्हणजे ती उत्कलनबिंदूपेक्षा काही अंश गरम असणे. यालाच अतितप्तता, कारागिरांच्या भाषेत ‘सुपरहीट’, म्हणतात.

नावातल्या ‘थर्मोस्टॅटिक’ या शब्दाने दिशाभूल होते. हा व्हॉल्व्ह खोलीचे तापमान पाहत नाही. तो फक्त हा फरक पाहतो, आणि तोही विजेशिवाय. व्हॉल्व्हपासून निघालेल्या बारीक नळीच्या टोकाला एक बंद बल्ब असतो. तो कॉइलच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर बांधतात. समजा बल्बात तोच पदार्थ भरला आहे आणि कॉइलमध्ये द्रव उणे ५ अंशांना उकळतो आहे. तेथील दाब २.४३ बार. बाहेरची नळी ० अंशाला असेल तर बल्बातला दाब २.९३ बार. व्हॉल्व्हमधल्या पातळ पडद्याला वरून बल्बाचा दाब उघडण्याकडे ढकलतो. खालून कॉइलचा दाब आणि स्प्रिंग बंद करण्याकडे. स्प्रिंगचा वाटा ०.५ बार ठेवला की हिशेब जुळतो आणि पडदा स्थिर राहतो. वाफ जास्त तापली की बल्ब जिंकतो, छिद्र उघडते. द्रव जवळ आला की स्प्रिंग जिंकते. (हे दाब निर्वातापासून मोजलेले आहेत, साध्या गेजवर आकडा सुमारे १ बारने कमी दिसतो.)

हे कळले की व्हॉल्व्ह बसवण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बल्बाला नळीचेच तापमान कळायला हवे. म्हणून नळी घासून चकचकीत करायची, आडव्या सरळ भागावर बल्ब धातूच्या पट्टीने आवळायचा आणि वरून उष्णतारोधक गुंडाळायचे. नळीच्या तळाशी मात्र बांधायचा नाही, कारण तळातून तेल वाहते आणि ते वाफेचे खरे तापमान झाकते. बारीक नळीवर तो माथ्याकडे, जाड नळीवर घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी. कॉइल लांब असेल तर तिच्यात दाब वाटेतच घटतो. तेव्हा शेवटचा दाब पडद्यापर्यंत आणणारी वेगळी नळी जोडतात, आणि तिची जोडणी बल्बाच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला. झाळताना व्हॉल्व्हवर ओले फडके हवेच, नाहीतर आतला पडदा जातो. स्प्रिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवला तर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच मोजायचे. माझ्या मते सर्वांत कमी पाळला जाणारा नियम हाच.

बल्बाची पट्टी सैल झाली तर त्याला भोवतालची गरम हवा ‘दिसते’, छिद्र उघडे राहते आणि द्रव कॉम्प्रेसरवर चालून जातो. उलट, बल्बातला पदार्थच गळून गेला तर व्हॉल्व्ह मिटतो, कॉइल उपाशी राहते, आणि लक्षणे हुबेहूब ‘गॅस कमी झाला’ अशी दिसतात. मग गॅस भरला जातो, बिल होते, दोष तसाच राहतो, आणि भरलेला जादा गॅस पुढे कधीतरी हवेत सोडला जातो. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमानवाढीचे काम करतो. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या अभ्यासक्रमाला जाणारी मुले आपल्याच दहावीच्या वर्गातून जातात, तेव्हा दाब आणि उत्कलनबिंदू हा भाग घाईने उरकू नये.

त्यांना एक आलेख काढायला द्या. आर-१३४ए चा उत्कलनबिंदू आणि दाब असे: उणे २५ अंशांना १.०६ बार, उणे १५ ला १.६४, उणे ५ ला २.४३, शून्याला २.९३, ५ अंशांना ३.५० आणि १० ला ४.१५. स्प्रिंग ०.५ बारवर कायम ठेवून विचारा: कॉइल उणे २५ अंशांवर असेल तर सुपरहीट किती होईल? आलेख वाकडा असल्याने उत्तर ५ येत नाही, सुमारे ९ येते. भाजीच्या खोलीचा व्हॉल्व्ह काढून आइस्क्रीमच्या खोलीला का बसवत नाहीत, हे मुले त्यावरून स्वतःच सांगतील.