त्रासाच्या लग्नानंतर पुन्हा प्रेम: आधी सुटका, मग सोबत

कंपनीच्या बसमध्ये किंवा लोणावळा लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, तर निवांत ऐका. आजचा विषय जरा जपून बोलायचा आहे. मारहाणीच्या, धाकाच्या लग्नातून बाहेर पडलेल्या बाईनं पुन्हा प्रेमात पडावं का? माझं उत्तर आधीच सांगते: जरूर पडावं. फक्त सुटका आणि प्रेम ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही एकाच माणसावर सोपवू नयेत.

मी तळेगाव दाभाड्यात राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि सत्ताविसाव्या वर्षी माझा घटस्फोट झाला. तेव्हापासून "आता तुला सांभाळणारा कुणीतरी बघू" हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, पण गोम त्या 'सांभाळणारा' शब्दातच आहे. ती कळायला हंसा वाडकर यांची गोष्ट ऐका.

हंसाबाई म्हणजे 1947 च्या 'रामजोशी'मधली गाजलेली नायिका. त्याआधी 1941 मध्ये पुण्याच्या प्रभातच्या 'संत सखू'मध्ये त्यांनी सासरी छळ सोसणाऱ्या सुनेची भूमिका केली होती. घरी त्यांचं स्वतःचं लग्नही संशय आणि मारहाणीचं होतं. कमाई त्यांची, हुकूम नवऱ्याचा. शेवटी त्या एका माणसाबरोबर मराठवाड्यात निघून गेल्या. तिथं काय झालं? त्याच्या घरी आधीच संसार होता आणि यांना घराबाहेर पडायची मोकळीक नव्हती. तिथून सुटण्यासाठी चोरून पत्र पाठवावं लागलं, तेही कुणाला? जुन्या नवऱ्याला! दुसरं कुणी नव्हतंच.

हे सगळं त्यांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात मोकळेपणानं सांगितलंय. त्यावरूनच श्याम बेनेगल यांचा 1977 चा 'भूमिका' आला, स्मिता पाटील यांचा. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत हंसाबाईंना रंगभूमीवरचे राजन जावळे यांची सोबत मिळाली. 1971 मध्ये त्या गेल्या. म्हणजे दुसऱ्यांदा प्रेम केलं म्हणून त्या फसल्या असं नाही. एका घरातून बाहेर पडायला दुसऱ्याचंच घर, एवढाच रस्ता त्यांच्यासमोर होता.

तो रस्ता एवढा अरुंद का होता? त्यांचं लग्न झालं तेव्हा हिंदू बाईला घटस्फोट देणारा सर्वसाधारण कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला, देशभरासाठी 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. त्यातही छळ हे घटस्फोटाचं थेट कारण झालं ते 1976 च्या दुरुस्तीनंतर.

आज आपल्या हातात काय आहे, ते नीट समजून घ्या.

एक, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. संरक्षण मागायला आधी घटस्फोट लागत नाही. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, मानसिक आणि लैंगिक छळ, पगार काढून घेणं हेही त्यात येतं. तुम्ही तात्पुरत्या जिथं राहता, तिथंही अर्ज करता येतो. म्हणजे सासर लातूरला असेल आणि तुम्ही तळेगावात मैत्रिणीच्या खोलीवर असाल, तर वडगाव मावळच्या कोर्टात जाता येतं. बाईला सरकारी मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी 181, जिवावर बेतलं तर 112.

दोन, नव्या लग्नाची घाई. पहिलं लग्न कायद्यानं मोडेपर्यंत दुसरं लग्न चालत नाही, उलट तो गुन्हा ठरतो. निकाल लागल्यावरही अपिलाची मुदत संपू द्यावी लागते. ती तारीख वकिलाकडून लिहून घ्या. पुन्हा लग्न केलं की तुमची पोटगी थांबते, मुलांच्या खर्चाची बापाची जबाबदारी मात्र राहते.

तीन, माझ्या धंद्यातली गोष्ट: फोन. घर सुटतं, पण लॉगिन तिथंच राहतं. गूगल खात्यावर कुठली उपकरणं चालू आहेत, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये कोण बसलंय, लोकेशन कुणाला दिसतंय, बँकेला कुणाचा नंबर जोडलाय, हे सगळं तपासा. पण अजून त्याच घरात असाल तर एकदम सगळं बंद करू नका, समोरच्याला लगेच संशय येतो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून नवं ईमेल खातं काढा, पुराव्याचे फोटो आणि मेसेज तिथं ठेवा, सुरक्षित जागी पोचा, मग पासवर्ड बदला.

आता प्रेमाकडे येऊ. नवा माणूस चांगला आहे हे ओळखायचं कसं? त्यानं आणलेल्या फुलांवरून कळत नाही. छोट्या गोष्टीला 'नाही' म्हणून बघा. "आज भेटायला नको." "पासवर्ड देणार नाही." "लग्नाचं वर्षभर बोलायचं नाही." त्यावर तो रुसून बसतो, कारणं मागतो, की "बरं" म्हणून आपल्या कामाला लागतो? आणि तो सारखा जुन्या नवऱ्याला धडा शिकवायच्या गोष्टी करत असेल, तर सावध व्हा. त्याला तुमच्यापेक्षा तुमचा तारणहार होण्यात जास्त रस आहे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: उद्या हे नातं मोडलं तर माझं घरभाडं, माझी कागदपत्रं, माझ्या मैत्रिणी माझ्याकडे राहतील ना? उत्तर 'हो' असेल, तर मंडळी, खुशाल प्रेम करा. मग तुम्ही त्याच्यासोबत राहाल ते आवडतं म्हणून, दुसरीकडे जाता येत नाही म्हणून नव्हे.

ओळखीत कुणी अशा घरात अडकलं असेल, तर तिला स्थळ सुचवू नका. 181 नंबर द्या आणि दोन रात्री तुमच्याकडे राहता येईल एवढं सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.