फॉस्फीनला न जुमानणारी कीड

दिल्लीच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवर हापुड ही धान्याची जुनी बाजारपेठ आहे. धान्यसाठवणीचे संशोधन व प्रशिक्षण देणारे केंद्र तेथे १९५८ साली सुरू झाले. गहू गुदामात महिनोन् महिने राहतो, आणि तेवढ्या अवधीत सोंडे, दाणे पोखरणारे भुंगेरे व पिठातील तांबडे भुंगेरे यांच्या अनेक पिढ्या त्यात वाढतात. हे नुकसान थांबविण्याचा मुख्य उपाय म्हणजे विषारी वायूची धुरी होय.

पोत्यांच्या थप्पीवर वायुरोधक आच्छादन घालून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील दमटपणामुळे त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम. हा वायू माणसालाही प्राणघातक असल्याने धुरी प्रशिक्षित माणसांनीच द्यावयाची असते.

परंतु आच्छादन फाटके असेल किंवा मुदतीपूर्वी काढले गेले, तर काय होते? दुबळे कीटक मरतात. ज्यांच्या अंगी वायू सोसण्याचा आनुवंशिक गुण असतो, ते उरतात. पुढील पिढी त्यांचीच असते. विष कीटकाला बदलत नाही. ते केवळ निवड करते. १९७२-७३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने केलेल्या पाहणीत ८२ देशांपैकी ३३ देशांत असे प्रतिकारक कीटक आढळले. त्यानंतर भारतातील गुदामांतही ते सापडले आहेत. पेशींतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकातील बदल हे या प्रतिकाराचे एक कारण असल्याचे २०१२ साली उघड झाले.

मग दुसरा वायू का वापरू नये? मिथाइल ब्रोमाइड हा एक पर्याय होता. पण तो ओझोनच्या थराचा नाश करतो. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्यावर बंधने आली. विलगीकरण व निर्यातीपूर्वीची प्रक्रिया वगळता विकसनशील देशांनीही २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवावयाचा होता. त्यामुळे फॉस्फीन निरुपयोगी ठरला, तर तितका स्वस्त व सोयीचा वायू हाताशी नाही.

फॉस्फीनच्या बाबतीत मात्रेपेक्षा काळ अधिक महत्त्वाचा असतो. अंडी व कोश हा वायू बराच वेळ सोसतात. परंतु पुरेसे दिवस तो टिकला, तर अंड्यांतून अळ्या व कोशांतून भुंगेरे बाहेर पडून त्याच्या तडाख्यात येतात. म्हणून गोळ्या वाढविण्याआधी आच्छादनाची भोके बुजवावीत, पूर्ण मुदत पाळावी आणि धान्य नीट वाळवूनच साठवावे. ज्या फटीतून वायू निसटतो, तिच्यातूनच उद्याची चिवट कीड जन्माला येते.