बॅटरी वर, चाकं खाली

जबलपुरात गढ्याच्या अंगानं मदन महाल किल्ल्याकडे निघालं की टेकडीवर एक शिळा दिसते. खालच्या ग्रॅनाइटवर जेमतेम टेकलेली, अवाढव्य, पाहणाऱ्याला आता घरंगळेल असं वाटायला लावणारी. ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणूनच तिची ओळख आहे. सहाच्या आसपास तीव्रतेच्या भूकंपानं 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर हादरलं, घरं कोसळली, माणसं दगावली. शिळा मात्र टिकली. ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात, भुसभुशीत झालेला भाग वाहून जातो आणि असे गोलसर धोंडे उरतात. या शिळेच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला, तर तो ती जिथं टेकली आहे त्या जागेच्या आतच पडेल. एवढ्यावर ती उभी आहे.

पण ओळंबा टेकूच्या बाहेर जाणारच असेल तर? इंजिनिअरिंगची मुलं हल्ली हौसेनं दोन चाकांचा रोबो बनवतात, तो नेमका या प्रश्नाशी झुंजतो. एकाच आसावर दोन चाकं, वर उभा सांगाडा, आधाराला तिसरं काही नाही. पुढं कलला की चाकांनी पुढं धावायचं, मागं कलला की मागं. तळहातावर काठी उभी धरताना आपला हात हेच करतो. संगणक आणि हलणारी वस्तू यांची गाठ कशी पडते हे शिकायला याच्याइतका चांगला प्रयोग मला दुसरा दिसत नाही, कारण इथं चूक लपत नाही. रोबो पडतो.

आत एक बोटाच्या पेराएवढा सेन्सर असतो, बहुधा एमपीयू-6050. त्यातला त्वरणमापक ‘खाली’ कुठं आहे ते सांगतो, पण मोटारीच्या थरथरीनं गडबडतो. जायरोस्कोप फिरण्याचा वेग चोख सांगतो, पण त्याची बारीक चूक साचत जाते आणि काही वेळात तो भरकटतो. म्हणून क्षणाक्षणाच्या हालचालीसाठी जायरोवर आणि दूरच्या हिशेबासाठी त्वरणमापकावर विसंबायचं. दोघांची सांगड घालणारं सूत्र कोडच्या एका ओळीत मावतं. त्यातून निघालेला कोन पाहून मोटारींना किती जोर द्यायचा ते आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर-बोर्ड ठरवतो, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा.

हा आर्डुइनोही विद्यार्थ्याच्या प्रयोगातूनच वाढला. इटलीतल्या इव्रेआच्या डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्यानं 2003 साली पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचं साधन तयार केलं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या चित्रकार-डिझायनरांना दिवे, मोटारी, सेन्सर हाताळता यावेत, हा त्यामागचा हेतू. त्याच पायावर तिथल्याच मंडळींनी 2005 मध्ये आर्डुइनो उभा केला. बारागानचं नाव आपल्या वर्कशॉपमध्ये फारसं कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

तर रोबो जोडला, कोड चढवलं, आणि तो पडला. इथून पुढं बहुतेक मुलं लॅपटॉपला चिकटतात. आकडे बदलतात, पुन्हा चढवतात, पुन्हा पडतो. माझं म्हणणं असं की या वेळी लॅपटॉप मिटावा आणि रोबो हातात घ्यावा.

आधी बॅटरी पाहा. जड वस्तू खाली ठेवली की तोल चांगला राहतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं, म्हणून बॅटरी चाकांजवळ बसवली जाते. शिळेला ते लागू आहे, या रोबोला नाही. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा, मग लांब काठी. काठी सोपी जाते, कारण ती सावकाश पडते. पडण्याचा वेग ठरवणारा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: वजन आसापासून 10 सेंटिमीटरवर असेल तर सुमारे 0.1 सेकंद, मीटरभर उंचीवर असेल तर सुमारे 0.32 सेकंद. उंची चौपट केली की सावरायला दुप्पट अवधी मिळतो. तेव्हा बॅटरी वरच्या फळीवर न्यावी. कोडचं एक अक्षर न बदलता रोबो शहाणा झाल्यासारखा वागतो. मात्र अती उंच नेली, तर एकदा जास्त कलल्यावर मोटारीची ताकद पुरत नाही.

मग चाक बोटांनी हलवून पाहावं. पिवळ्या बीओ मोटारीच्या प्लॅस्टिक गिअरमध्ये थोडा ‘प्ले’ असतो. मोटार दिशा बदलते, पण दात दाताला टेकेपर्यंत चाकापर्यंत काही पोहोचत नाही. रोबो उभ्यानं कापत राहतो त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, आणि कोडमधले आकडे कितीही बदलले तरी गिअरमधली फट बुजत नाही.

सांगाडा डुलत असेल तर सेन्सरही खोटं बोलतो. त्यावरचा उपाय अरविंद गुप्तांच्या आगकाड्यांमध्ये आहे. आयआयटी कानपूरहून बाहेर पडून पुण्याच्या टेल्कोत काम करणाऱ्या गुप्तांनी 1978 मध्ये रजा घेतली आणि ते होशंगाबाद जिल्ह्यात गेले. सरकारी शाळांतली मुलं स्वतः प्रयोग करत विज्ञान शिकतील असा उपक्रम तिथं 1972 पासून सुरू होता. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून त्यांनी तिथं आकृत्या बांधल्या. चौकोन बोटानं ढकलला की तिरका होतो. त्रिकोण होत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तोही ताठ. पुढं पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी खेळणी वर्षानुवर्षं मुलांच्या हाती दिली. रोबोच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये तशीच एक तिरपी पट्टी ठोकावी.

एवढं झाल्यावर आकड्यांकडे वळावं. कलण्याच्या प्रमाणात किती जोर, हा पहिला आकडा: कमी पडला तर रोबो आळसावून पडतो, जास्त झाला तर थरथरतो. कलण्याच्या वेगाला लगाम घालणारा दुसरा आकडा ती थरथर शांत करतो. आता हे दोन्ही जुळवायला फार झगडावं लागत नाही.

यंत्राचा घाट नीट असेल तर संगणकावर किती थोडं काम उरतं, याचं टोक संशोधक टॅड मॅकगीर यांनी 1990 मध्ये दाखवलं. त्यांचं दोन पायांचं यंत्र हलक्या उतारावरून माणसासारखं चालत जाई. त्यात मोटारही नव्हती आणि संगणकही नव्हता. पायाची लांबी, वजनाची वाटणी आणि गोलाकार तळवा, बस्स. 2005 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याच तत्त्वाला अगदी थोडी ताकद जोडून सपाट जमिनीवर चालणारे रोबो केले. त्यांतल्या कॉर्नेलच्या रोबोला चालायला लागणारी ऊर्जा, वजन आणि अंतराच्या हिशेबात, होंडाच्या असिमोच्या एक दशांशाहूनही कमी होती. मॅकगीरच्या यंत्राची छोटी नक्कल लाकडी पट्ट्या, खिळा आणि कलती फळी एवढ्यावर घरी होते. पायाचा तळवा किती गोल घासायचा, फळी किती कलती ठेवायची, हे मात्र करूनच कळतं.