गाऊनला पाचशे रुपये दंड!

मैत्रिणींनो, २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात एक फलक लागला होता, आठवतोय? बायकांनी गाऊन घालून घराबाहेर फिरू नये, फिरल्यास पाचशे रुपये दंड! खूप गाजलं होतं ते. पण खरी गंमत पुढेच आहे. हा फतवा गावातल्या पुरुषांनी नव्हे, महिला मंडळाने काढला होता. नंतर २०१८ मध्ये आंध्रातल्या तोकलपल्ली गावाने दंड थेट दोन हजारांवर नेला, आणि चुगली करणाऱ्याला हजाराचं बक्षीस!

आपल्या रत्नागिरीत असा फलक मी तरी पाहिलेला नाही. गरजच काय? डोळे आहेत की. दारात मासळीवाली आली, की आपण गाऊनवर टॉवेल नाहीतर ओढणी टाकूनच बाहेर येतो. ते कुणी शिकवावं लागत नाही. साडीत पोट-पाठ दिसते, ती चालते. गाऊन गळ्यापासून टाचेपर्यंत सगळं झाकतो, तो मात्र अशोभनीय. हे गणित मला बी.ए. होऊनही सुटलेलं नाही.

गाऊन बायका हौसेने घालतात असं थोडंच आहे! मे महिन्यातला आपला चिकचिकता उकाडा, ऑपरेशनची ओली जखम, पाळी जाण्याच्या वयात अंगातून उठणाऱ्या वाफा... कमरेला नाडीचा काच नको वाटतो. हा काचही साधा नाही बरं का. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेला जखम झाली, ती बरी होईना, आणि शेवटी तिथे कातडीचा कॅन्सर निघाला. असं क्वचितच होतं, घाबरून जाऊ नका. पण नाडी जरा सैल बांधा आणि काळा पडलेला, खाजणारा वळ दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

शोभतं काय, हे तरी कुठे कायम असतं? माझ्या आजीच्या काळी नऊवारी सोडून पाचवारी नेसणारी ‘फॅशनवाली’ ठरायची. आमची लग्नं झाली तेव्हा पंजाबी ड्रेसवरून घराघरांत रुसवेफुगवे झाले. आणि मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले, त्यात साडीच्या जोडीला सलवार-कुर्ता नि दुपट्टा आहेच! म्हणजे तेव्हाचा उठवळपणा आता सरकारी कागदावर सभ्य झाला.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या बचत गटातल्या एका बाईंची साखर तीनशेच्या घरात गेली. वय बावन्न. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. महिनाभराने विचारलं तर म्हणाल्या, “गच्चीवर चालते हो ताई, चार फेऱ्या.”

“चार फेऱ्यांनी काय होणार? भाट्याच्या किनाऱ्यावर का जात नाही?”

“साडीत पाय अडकतो. ड्रेस घालावा म्हटलं, तर शेजारीण म्हणाली, आता काय लग्नाला उभी राहायचंय? या वयात, या अंगाने, लोक हसतील.”

बघा, तिन्ही एका वाक्यात आलं! वय, कपडा आणि अंग. त्याच किनाऱ्यावर साठीचे गृहस्थ अर्ध्या चड्डीत, पोट पुढे काढून चालत असतात. ‘तब्येतीला किती जपतात’ असं आपणच कौतुकाने म्हणतो. आणि हळदीकुंकवाला भेटलेल्या बाईला पहिलं वाक्य काय? “अगं बाई, किती सुटलीस!” हा तर आपल्याकडे नमस्कारासारखा वापरायचा शब्द. समोरची थायरॉइडच्या गोळ्या खातेय की रात्री एक वाजता भांडी घासून झोपतेय, विचारतं कोण?

त्या बाईंना मी भाषण दिलं नाही. ‘उद्या सहा वाजता तुमच्या दाराशी येते’ एवढंच म्हटलं. आता आम्ही पाच जणी जातो. पहिले आठ दिवस ओळखीचं कुणी दिसलं की त्या माझ्या आड व्हायच्या. परवाच्या तपासणीत साखर एकशे नव्वद आली. गोळ्या चालूच आहेत, पथ्यही आहे. ड्रेस अजून शिवलेला नाही, साडी जरा वर खोचून येतात. पायात बूट मात्र नवे आहेत. सुनेने आणून दिलेत.